दवाखान्यात कुत्रा चावल्यावर: जखम, नोंद आणि जबाबदारी यांचा योग्य क्रम

पशुवैद्यकीय दवाखान्यात घाबरलेला कुत्रा मदतनिसाला चावतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी कामांचा क्रम उलटा होतो. आधी आवाज चढतात, मग मालक पाकिटातून पाचशेची नोट काढतो, कोणीतरी हळदीची डबी शोधू लागते, आणि जखम साबणाने धुतली जाते ती संध्याकाळी घरी गेल्यावर. जबाबदारी कोणाची हा प्रश्न त्याहूनही उशिरा, म्हणजे हात सुजून चार दिवसांचा पगार बुडाल्यावर निघतो, आणि तोवर केसपेपरवर कुत्र्याचे वजन व लसीचे नाव याखेरीज काहीही लिहिलेले नसते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मदतनीस म्हणून काम करताना हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की नव्याने कामाला लागलेल्यांना तोंडी सांगत बसण्यापेक्षा तो टप्प्याटप्प्याने लिहून ठेवणे मला बरे वाटले.

भ्यालेल्या कुत्र्याला दोष देण्यात अर्थ नाही. जबाबदारी माणसांची असते आणि ती वाटलेली असते. कुत्र्याच्या स्वभावाची माहिती मालकाकडे असते, त्याला कसे हाताळायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि कामावर झालेल्या इजेचा भार प्रथम नोकरी देणाऱ्यावर येतो. खालील सर्व टप्पे या वाटणीला धरून आहेत.

१. कुत्रा दारात येण्यापूर्वीची तयारी

कुत्र्यामांजरांना हात लावणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, मदतनीस असो, पिंजरे धुणारी बाई असो की सुट्टीत शिकायला आलेला विद्यार्थी असो, रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतलेली असावी. ही लस चावण्याआधी घ्यायची असते आणि तिचा खर्च दवाखान्याने करावयाचा असतो. तिचा फायदा चावल्यानंतर कळतो: ज्याने हा क्रम पूर्ण केला आहे त्याला पुढे कुत्रा चावल्यास दिवस ० (म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस) आणि दिवस ३ असे दोनच डोस लागतात आणि रेबीज इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागत नाही. लसीचे कार्ड मात्र हाताशी हवे. कार्ड घरी कपाटात आणि माणूस बांबोळीच्या रुग्णालयात, अशा वेळी तेथील डॉक्टरांना त्याच्यावर लस न घेतलेल्या माणसाप्रमाणेच उपचार करावे लागतात.

टेबलापासून दहा पावलांच्या आत वाहते पाणी आणि साधा साबण असावा. वेगवेगळ्या मापांची जाळीची मुसकी धुऊन टांगलेली असावीत. पट्टीने बांधायचे मुसके हा तात्पुरता उपाय आहे. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येत नाही, आणि गोव्याच्या दमट उकाड्यात ते काही मिनिटांपेक्षा अधिक ठेवणे धोक्याचे असते. पग किंवा तशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना ते बांधूच नये.

दवाखान्याचा एक लेखी नियम भिंतीवर लावावा: कोणत्या कामाला मुसके सक्तीचे आहे, कुत्र्याला कोण धरेल आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे. हा कागद पुढे नुकसानभरपाईच्या प्रश्नातही लागतो. त्याबद्दल नवव्या टप्प्यात.

तपासा: प्रत्येक कर्मचाऱ्याच्या लसीच्या कार्डाची प्रत दवाखान्याच्या फायलीत आहे का?

२. मालकाकडून माहिती घेणे

“आमचा काही करत नाही हो,” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो आणि बहुधा प्रामाणिकपणे म्हणतो, कारण घरी तो खरोखरच काही करत नसतो. म्हणून “चावतो का?” असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी “नाही” येते. त्याऐवजी असे विचारावे: नखे कापताना काय करतो? मागच्या वेळी सुई दिली तेव्हा किती जणांनी धरला होता? खात असताना भांड्याला हात लावला तर गुरगुरतो का? घरी कोणाला, अगदी खेळताना, दात लागला आहे का? कानाला किंवा कमरेला हात लावू देतो का?

उत्तरे केसपेपरवर मालकाच्याच शब्दांत लिहावीत आणि खाली त्याची सही घ्यावी. मालकाची जबाबदारी मोजताना त्याला काय ठाऊक होते आणि त्याने काय सांगितले, हे दोनच प्रश्न कळीचे ठरतात. आधी कोणाला चावल्याचे ठाऊक असून जो ते लपवतो, त्याची बाजू लंगडी पडते. ज्याने सगळे सांगितले आणि तरीही दवाखान्याने मुसके बांधले नाही, त्याच्याकडे बोट दाखवणे कठीण जाते.

कुत्रा नेमका कोणाचा, हेही याच वेळी लिहावे. आपल्याकडे वाड्यावरचा कुत्रा चार घरी जेवतो आणि आजारी पडला की पाचवा माणूस स्कूटरवर पुढे बसवून त्याला आणतो. आणणारा माणूस मालक आहे, शेजारी आहे की केवळ दयेपोटी आला आहे, हे लिहून ठेवले नाही तर चावल्यानंतर तो कुत्रा कोणाचाच राहत नाही.

३. भीती ओळखणे आणि थांबणे

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, आणि त्यांतली एक माझी आहे. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीनंतरची सकाळ होती. रात्रभर फटाके आणि ढोल ऐकलेला एक कबरा गावठी कुत्रा कानाच्या जखमेसाठी आणला होता. तो गुरगुरला नाही, ओढाताण केली नाही, टेबलावर दगडासारखा उभा राहिला, आणि त्याचा शांतपणा पाहून मी निर्धास्त झालो. टेबलाच्या स्टीलवर त्याच्या पंजांचे चार ओले ठसे उमटले होते. कुत्र्याला घाम तळपायांना येतो आणि भीतीने तो वाढतो हे मला ठाऊक होते. मान एकीकडे वळवून तो माझ्याकडे डोळ्यांच्या कडेने पाहत होता आणि बुबुळाबाहेरचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसत होता. हे सर्व मी पाहिले आणि डॉक्टर घाईत आहेत म्हणून गप्प राहिलो. पुढच्या क्षणी माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दोन भोके होती. नंतर मालकीणबाई सहज म्हणाल्या की गुरगुरला की घरी त्याला झोडपतात. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा इशारा द्यायचे सोडून देतो आणि थेट चावतो. हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यावर विचारायला हवा होता. तेव्हापासून मी तो विचारतो.

भीतीची चिन्हे साधारण या क्रमाने चढत जातात: भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभया, कान मागे, शेपूट पायांत, पुढचा एक पाय उचलणे, तोंड मिटून श्वास रोखणे, आणि अखेरीस ताठ स्थिरपणा. अंग सैल असलेला स्थिर कुत्रा आणि ताठलेला स्थिर कुत्रा यांतला फरक हाताला कळतो. खांद्यावर तळवा ठेवला तर ताठलेल्या कुत्र्याचा स्नायू फळीसारखा लागतो.

ताठरपणा दिसताच “डॉक्टर, थांबूया” असे मोठ्याने म्हणावे. हा अधिकार सर्वांत नव्या मदतनिसालाही असला पाहिजे आणि त्यावर वाद घालू नये. काम तातडीचे नसेल, म्हणजे नखे, लस किंवा नेहमीची तपासणी असेल, तर दुसरा दिवस द्यावा आणि येण्यापूर्वी घरी द्यायचे भीती कमी करणारे औषध डॉक्टरांनी लिहून द्यावे. काम तातडीचे असेल तर मुसके किंवा भूल. चार जणांनी मिळून दाबून धरण्याला मी तिसरा पर्याय मानत नाही.

इशारा: चतुर्थी, दिवाळी आणि गावच्या फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) आसपास, तसेच पावसाळ्यातल्या गडगडाटाच्या दिवशी, तातडीची नसलेली कामे ठेवूच नयेत.

४. धरायचे कोणी

मालकाला कुत्रा धरायला सांगणे ही आपल्याकडची सर्रास चालणारी पद्धत आहे आणि ती सोडली पाहिजे. मालकाला बोलू द्यावे, कुत्र्याच्या नजरेसमोर उभे राहू द्यावे, मुसके चढवण्यास मदत करू द्यावी. पण सुई टोचताना डोके धरायचे काम शिकलेल्या माणसाचे आहे. मालकाला धरायला लावले आणि तो स्वतःच्याच कुत्र्याकडून चावला गेला, तर ती सूचना दवाखान्याची होती म्हणून दोष दवाखान्यावर येऊ शकतो. मदतनीस चावला गेला आणि मालकाची पकड सुटली होती असे निघाले, तरीही अननुभवी माणसाला ते काम का दिले, हा प्रश्न उरतोच.

मालकाने कुत्रा शस्त्रक्रियेसाठी ठेवला आणि तो निघून गेला, तर त्या क्षणापासून ताबा दवाखान्याचा. संध्याकाळी पिंजऱ्यातून काढताना चावला, तर मालकाला फोन करून जाब विचारण्यात हशील नाही, मात्र त्याने स्वभावाबद्दल काही लपवले असेल तर गोष्ट वेगळी.

५. चावल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे

दात रुतलेले असताना हात झटक्याने ओढू नये, कातडी फाटते. कुत्रा सोडतो तेव्हा दुसऱ्याने त्याला पट्ट्याने बांधून पिंजऱ्यात ठेवावे. त्याला मारू नये. मारण्याने जखम भरत नाही. शिवाय जनावराला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, आणि कुत्रा मेला तर पुढचे दहा दिवसांचे निरीक्षणही हातचे जाते.

चावलेल्या माणसाने लगेच अंगठी, बांगडी आणि घड्याळ काढावे, कारण हात तासाभरात सुजू शकतो. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे जखम धुवावी. घड्याळ लावून धुवावी. अंदाजाने धुणारा दोन मिनिटांत थांबतो. सुळ्याचे भोक वरून तांदळाएवढे दिसते आणि आत खोल गेलेले असते, म्हणून पाणी जखमेवरून नव्हे तर जखमेत जाऊ द्यावे. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावावे. हळद, चुना, तिखट, खोबरेल तेल यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये आणि टाका घालून घेण्याची घाई करू नये. घरच्या घरी, म्हणजे दवाखान्यातल्याच जनावरांच्या सामग्रीने, डॉक्टरांनी माणसाला टाका घालणे हे तर साफ चूक आहे.

तपासा: धुण्यास सुरुवात केल्याची वेळ दुसऱ्या कोणीतरी कागदावर लिहिली का?

६. माणसांच्या रुग्णालयात

त्याच दिवशी जावे. उत्तरेत म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, दक्षिणेत मडगावचे, मध्यभागी फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, आणि गंभीर जखमेसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात जायचे असल्यास आधी फोन करून लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही उपलब्ध आहेत का, हे विचारावे. रविवारी तर अवश्य विचारावे.

कातडी फोडून आत गेलेला दात, कितीही लहान असला तरी, तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीची इजा मानली जाते. ज्याने पूर्वी लस घेतलेली नाही त्याला अशा इजेत लसीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिन लागते आणि ते जखमेत व जखमेभोवती टोचले जाते. पहिल्या दिवशी ते मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. लस कातडीत दिली तर दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा विचार त्याच वेळी होतो. हाताच्या खोल जखमेला प्रतिजैविक लागेल का हे डॉक्टर ठरवतात. मधुमेह असल्यास, प्लीहा काढलेली असल्यास किंवा गरोदर असल्यास ते आपणहून सांगावे. गरोदरपणामुळे रेबीजची लस टाळली जात नाही.

इथे दोन गैरसमज वारंवार आढळतात. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसाला नको, हा पहिला. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला म्हणून आता काळजी नाही, हा दुसरा. नियंत्रित म्हणजे नाहीसा नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो, तेव्हा या दोन समजुतींपैकी कोणत्याही एकीच्या भरवशावर डोस सोडू नये.

७. कुत्र्याचे दहा दिवस

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. तो घरी गेला तरी चालेल, पण बांधून वा आवारात, आणि रोज एका ठरलेल्या माणसाने तो खातो-पितो का, वागणे बदलले का, लाळ गळते का, हे पाहून दवाखान्याला कळवावे. “काही झाले तर सांगतो” या बोलीवर समाधान मानू नये. दवाखान्यानेच रोज फोन करावा आणि तारखेसमोर टीप करावी. भाटात (बागायतीत) मोकळा सोडलेला राखणीचा कुत्रा तिसऱ्या दिवशी दिसेनासा झाला की मदतनिसाची झोप उडते.

या दिवसांत कुत्रा मेला तर पुरू नये. शव बर्फात ठेवून, पण गोठवू न देता, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयाला ताबडतोब कळवावे, कारण रेबीजचे निदान मेंदूच्या नमुन्यावरून होते. कुत्रा दहाव्या दिवशी ठणठणीत असला तरी लसीचा क्रम आपल्या मनाने थांबवू नये. ते माणसांच्या डॉक्टरांना विचारावे.

८. घटनेची नोंद

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, एका पानावर लिहावे: तारीख आणि वेळ, कुत्र्याचे वर्णन व लसीची तारीख, कोणते काम चालू होते, मुसके होते की नव्हते आणि नसल्यास का, कोण कुठे उभे होते, कोणती चिन्हे दिसली, धुण्याची वेळ, रुग्णालयाचे नाव. जखमेचे आणि टेबलाचे छायाचित्र काढावे. मालक, डॉक्टर आणि मदतनीस यांच्या सह्या घ्याव्यात. मालक सही नाकारत असेल तर “सही नाकारली” एवढे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

नोंदीत मते लिहू नयेत. “मालकाचा निष्काळजीपणा” असे लिहिण्याऐवजी “पट्टा मालकाच्या हातातून सुटला” असे लिहावे. पहिले वाक्य भांडण लावते, दुसरे पुरावा ठरते. स्वतःच्या चुकीचेही तसेच. मी गप्प राहिलो हे मी त्या दिवशी लिहिले आणि त्यामुळे माझे काही बिघडले नाही.

९. खर्च कोणी करायचा

पहिला खर्च दवाखान्याने करावा आणि मालकाशी हिशेब नंतर करावा. मदतनिसाने स्वतःच्या खिशातून रिक्षा, औषधे आणि बुडालेला रोज भरायचा आणि मग मालकामागे फिरायचे, ही रीत अन्यायाची आहे.

काम करताना आणि कामामुळे झालेल्या इजेची भरपाई नोकरी देणाऱ्याने करावी, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात होते आणि आता ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आले आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही. आपले काम संहितेच्या अनुसूचीत कोणत्या वर्गात बसते हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि दोन वर्षांच्या मुदतीत दावा करावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्मचारी राज्य विम्याचा (ईएसआय) मार्ग खुला असतो. तेथे अपघाताची सूचना विनाविलंब गेली पाहिजे.

“तुझीच चूक होती” हे उत्तर येथे सहसा टिकत नाही. नुसत्या हलगर्जीने हक्क जात नाही. नशेत असणे, किंवा सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडणे, अशा मोजक्या कारणांनीच तो अडतो. म्हणून पहिल्या टप्प्यातला भिंतीवरचा कागद दोन्हीकडे कापतो: नियम नसेल तर दवाखान्याला मदतनिसाकडे बोट दाखवता येत नाही, आणि नियम असूनही मुसके मुद्दाम न बांधणाऱ्या मदतनिसाची बाजू कच्ची होते. नोकरीवर घेताना “चावल्यास भरपाई मागणार नाही” असे लिहून घेतलेले कागद कामाचे नाहीत. असा हक्क कराराने सोडता येत नाही.

मालकाकडून वसुली हा वेगळा विषय आहे. त्याने धोका लपवला, सांगूनही मुसके लावू दिले नाही, किंवा पट्टा मुद्दाम सोडला, तर दिवाणी मार्गाने त्याच्याकडे भरपाई मागता येते. तो म्हणेल की दवाखान्यातल्या माणसाने हा धोका पत्करलेलाच असतो. कॅलिफोर्नियातील एका न्यायालयाने १९८५ मध्ये जवळपास असेच मानले होते, पण तेथेही मालकाने धोका लपवलेला असल्यास त्याची सुटका नाही. इथला निवाडा इथल्या पुराव्यावर होईल, आणि तो पुरावा म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरची सही.

बिनपगारी शिकाऊ आणि स्वयंसेवक या सगळ्या रचनेत सहज निसटतात. त्यांच्यासाठी दवाखान्याने वैयक्तिक अपघात विमा काढावा, नाहीतर त्यांना टेबलाजवळ उभे करू नये.

१०. पोलिसांकडे कधी जावे

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा संभाव्य धोका असताना जाणूनबुजून वा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. “ताब्यातल्या” हा शब्द लक्षात ठेवावा. टेबलाजवळ मालक उभा असताना ताबा कोणाचा, यावर वाद होऊ शकतो; रात्री पिंजऱ्यात ठेवलेल्या कुत्र्याबाबत होणार नाही.

नखे कापताना भीतीने चावलेल्या कुत्र्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी असे मला वाटत नाही. आधी माणसांना चावल्याचे लपवले, कुत्रा अंगावर सोडला, किंवा दहा दिवसांच्या निरीक्षणात मालकाने कुत्रा गायब केला, तर मात्र तक्रार द्यावी. जाताना घटनेच्या नोंदीची, केसपेपरची आणि रुग्णालयाच्या कागदांची प्रत सोबत न्यावी, मूळ कागद देऊ नयेत, आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परतू नये.